कमुरत्याच्या आधीचं घर

१७ नोव्हेंबर, रविवार
"ह्या पोरीला बाहेरून बघून आतलं कळतं," असं इंदिराआत्या एकदा म्हणाली होती. मी नऊ वर्षांची होते आणि विषय कलिंगडाचा होता. पण गुण तो गुणच.

आज चौदावं घर पाहिलं. हेच घ्यायचं. बडोद्यातच, हरणीत, तळमजल्यावर, पुढे ओटा. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही आणि आईचे गुडघे संपलेत. मे महिन्यात मतदानाला खुर्चीतून खाली आणली होती, ती शेवटची. तिला ओट्यावर बसलेली बघायचं, एवढं एकच ह्या वर्षी करायचं आहे. वजन, गुजराती टायपिंग वगैरे बाकीचे संकल्प रद्द.

मालक धनाजीराव. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. भिंतीवर तलवार आहे. असा माणूस खोटं बोलत नाही.

१९ नोव्हेंबर
केयूरचं म्हणणं, घर आधी तपासून घेऊ. नंदेसरीला त्याच्या प्लांटमधल्या कोणीतरी तसं केलं होतं. एक इंजिनिअर येतो, मशीन लावतो, भिंती, नळ, वायरिंग सगळं बघून रिपोर्ट देतो. मी म्हटलं, लग्नाआधी मी तुझा रिपोर्ट मागितला होता का? तो म्हणाला, मागायला हवा होतास.

२१ नोव्हेंबर
केयूरने त्या इंजिनिअरला फोन केला. राजवर्धन नाव. अठरा डिसेंबरच्या आधी वेळ नाही, ती तारीख केयूरने धरून ठेवली. सोळापासून कमुरता लागतो, अशुभ महिना, मग संक्रांतीपर्यंत बडोद्यात कोणी घर घेत नाही, म्हणून सगळ्यांची आत्ताच घाई. म्हणजे माणूस कमुरत्यामुळे बिझी, आणि आम्ही त्याच्यासाठी कमुरत्यात घर घ्यायचं?
केयूर म्हणाला, आपण मराठी, आपल्याला कमुरता कधीपासून?
मी म्हटलं, बडोद्यात जन्मल्यापासून.

धनाजीराव म्हणतात, दुसरी पार्टी रविवारी येते आहे.

२३ नोव्हेंबर, शनिवार
मीच इन्स्पेक्शन केलं. अर्धा दिवस रजा टाकून, पद्धतशीर.
भिंती: दोन ठोकल्या. आवाज चांगला.
रंग: ताजा. घराची किती काळजी.
वास: डांबराच्या गोळ्यांचा. स्वच्छता.
आईसाठी ठरवलेल्या खोलीत कॅलेंडर गुडघ्याएवढ्या उंचीवर लावलंय. धनाजीराव म्हणाले, नातवंडांना तारीख कळावी म्हणून. किती विचारी लोक. शेजारी मोठं कपाट, ते हलत नाही.
भिंतीला हात लावला तर गार. "उन्हाळ्यात बघा, एसी नको," धनाजीराव म्हणाले. त्यांच्या बायकोने, चिमणाबाईंनी, पटकन चहा आणला. बडोद्याच्या मे महिन्यात गार भिंत म्हणजे चैनच.
टोकन दिलं.

१२ डिसेंबर, गुरुवार
सकाळी खरेदीचा दस्तावेज झाला. केयूरने सही केली, पण पेन माझ्याकडे परत देताना माझ्याकडे बघितलं नाही. दुपारी मुहूर्तावर कुंभ ठेवला. पाण्याचा घडा, वर नारळ. शेजारच्या बेन म्हणाल्या, कुंभ ठेवला म्हणजे घर तुमचं झालं, आता पाछळ जोवानुं नहीं, मागे वळून बघायचं नाही. मला रडू आलं. कमुरत्याला चार दिवस राखून काम केलं. इंजिनिअरला नको म्हणून कळवायला केयूरला सांगायचं आहे.

१५ डिसेंबर, रविवार
आईला आणलं. केयूर आणि जुन्या बिल्डिंगमधले शेजारी सुभानराव यांनी खुर्ची धरली. प्रत्येक जिन्यावर आई म्हणाली, ठेवा मला, दमलात. चार मजल्यांना अर्धा तास लागला. केयूरची पाठ गेली.
हरणीला आल्यावर ती ओट्यावर बसली आणि आत यायलाच तयार नाही. भाजीची लारी आली. आईने मेथी बघितली, दोनदा वास घेतला आणि परत पाठवली. दीड वर्षात पहिल्यांदा तिने एखादी गोष्ट स्वतः नाकारली. लारीवाला म्हणाला, बा, काले सारी लावीश, उद्या चांगली आणतो.
मी आत जाऊन उगाच भांडी लावत बसले.

१७ डिसेंबर
धनाजीरावांचं कपाट गेलं, कॅलेंडरही गेलं. मागे भिंतीवर भुरा नकाशा. रंगाचे पापुद्रे पडतात. घराला नव्या माणसांची सवय व्हायला वेळ लागत असणार. आमचं कॅलेंडर तिथेच लावलं, गुडघ्याएवढ्या उंचीवर.

१८ डिसेंबर, बुधवार
राजवर्धन आला. केयूरने त्याला नको म्हटलंच नव्हतं.
बूट बाहेर काढून मोज्यांवर फिरला. भिंतीला मशीन लावलं की पिंप पिंप. मी म्हटलं, मशीन बिघडलं असेल. त्याने ते आमच्या टेबलाला लावलं. गप्प. परत भिंतीला लावलं. पिंप. मग दाराच्या चौकटीत पेन्सिल टेकवली, तर ती निम्मी आत गेली. "उधई," म्हणाला, म्हणजे वाळवी. आई ओट्यावरून विचारत होती, काय मिळालं रे त्याला?

आईच्या खोलीखाली ड्रेनेजची लाइन फुटली आहे. भिंत बरीच वर्षं पाणी पिते आहे. फरशी उखडायची, प्लास्टर काढायचं, चौकटी बदलायच्या. तीन महिने. तोवर इथे राहायचं नाही, आणि आजींनी तर मुळीच नाही, हवा वाईट आहे.
मग समजावून म्हणाला, "बेन, काळजी नका करू. ह्यासाठीच तर तपासणी करतात. मालकाला सांगा, आधी दुरुस्त करून दे, नाहीतर सोडून द्या. दस्तावेज कधी आहे?"
मी म्हटलं, चहा घ्या.

१९ डिसेंबर
धनाजीरावांना फोन. म्हणाले, "ताई, तुम्ही एवढं ठोकून बघितलंत, मला वाटलं तुम्हाला कळलं असेल. भिंत गार आहे हे तर मी स्वतः सांगितलं."


२३ डिसेंबर
आईला खोकला. मी सांगितलं, थंडीचा आहे. भिंतीला हीटर लावला. भिंतीला घाम आला.
केयूर टोमणाही मारत नाही. मारला असता तर भांडता आलं असतं.

२६ डिसेंबर
डॉक्टरने छाती तपासून विचारलं, घरात ओल आहे का? आई म्हणाली, छे, घर उत्तम आहे, माझ्या मुलीने बघून घेतलंय.

तीन महिन्यांसाठी तळमजल्यावर भाड्याचं घर शोधलं. सहा फोन केले. सगळ्यांचं एकच, संक्रांतीनंतर बोला, कमुरता चालू आहे. जुना फ्लॅट अजून आमच्याकडेच आहे, रिकामा. केयूर म्हणाला, तिथेच जावं लागेल, दोन माणसं बोलावू खुर्चीला. आणि परत उतरवायचं कसं?

२८ डिसेंबर, शनिवार
आज सांगायचंच असं ठरवून तीनदा ओट्यावर गेले. पहिल्यांदा ती शेजारच्या बेनला कढीचं प्रमाण सांगत होती. दुसऱ्यांदा झोपली होती, उन्हात, तोंड उघडं. तिसऱ्यांदा म्हणाली, बस ना गं, किती आतबाहेर करतेस. खोकली, आणि म्हणाली, इथे माणसं दिसतात, तिथे नुसत्या पाण्याच्या टाक्या दिसायच्या, मी आता इथून हलत नाही. मी काही विचारायच्या आधीच.
उद्या सकाळी विचारते. वाक्य लिहूनच ठेवते, म्हणजे फिरवता येणार नाही. आई, खोकला थंडीचा नाही, घराचा आहे. घर मी तपासून घेतलं नाही, घाई केली, चूक माझी. तीन महिन्यांसाठी परत चौथ्या मजल्यावर येशील का?