देवळाच्या छपरावरची चौदा घरं

५ तूबा
चित्रवाला आला! तूबा महिन्याच्या थंडीत नावेतून उतरून थेट आमच्या एदफूत. फ्रेंच माणूस, नाव रेनो, सोबत तीन पायांची पेटी. जुन्या देवळाच्या उंच दरवाजावर चढून त्या पेटीने छपराचं चित्र काढणार म्हणे. आणि छपरावर राहतं कोण? आम्ही! चौदा घरं, त्यातलं पहिलं आमचं, वडिलांनी बांधलेलं. अम्मा उभ्या जन्मात आस्वानला गेली नाही, आता तिचं घर पॅरिसला जाणार. मी शाळेला सुट्टीच देऊन टाकली.

६ तूबा
चित्र झालं. पण घर कुठाय? मातीच्या विटा, मातकट वाळू, दगडही तसलाच — सगळं एकरंगी. रेनोलाच ओळखू येईना. मेहुणा मुर्सी दिवसभर चिडवतोय, "काय गुरुजी, सापडला का राजवाडा?" मला रडायला आलं.

७ तूबा
सुचलं! मक्केची यात्रा करून कुणी परतलं की आपण त्याच्या घराला चुना लावतो, वर लाल नक्षी काढतो. मग आत्ता का नको? नक्षीला वेळ नाही, नुसता चुना तरी! चौदाही घरं राजी केली. चुना कालवायला पहिला बसला तो मुर्सीच.

८ तूबा
रेनो वैतागला. त्याला नुसते खांब हवेत. "पांढरं फार डोळ्यात भरतं," म्हणतो. अहो, भरू दे की! शेवटी अम्माने गहू भरून कबुतरं केली. दोन खाल्ली, तिसऱ्याला हो म्हणाला.

९ तूबा
काढलं! आधी कागदावर सगळं उलटं उमटतं — पांढरं ते काळं. अम्मा दचकली, "माझ्या घराचं तोंड काळं का केलं रे?" मग रेनोने दुसरा कागद लावून उन्हात ठेवला आणि घरं उजळत गेली. एकूण एक मोजून घेतली. चौदा! आमचं सगळ्यात ठसठशीत. एवढा आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

१० तूबा
रेनोची नाव गेली. कैरोत बड्या लोकांना चित्र दाखवणार म्हणाला. अल्ला त्याचं भलं करो!

२२ हतूर, पुढचं साल
कैरोहून अधिकारी आला. हातात आमचंच चित्र, चौदाही घरांवर लाल शाईच्या खुणा. देवळावर वस्ती आहे हे वरच्यांना ठाऊकच नव्हतं — चित्रात दिसली. महिन्याभरात घरं पाडून देऊळ मोकळं करायचं. चुन्याची कल्पना माझी, मुर्सी त्याबद्दल चकार शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

अम्माला अजून कुणी सांगितलेलं नाही. तिने चित्र मागून घेतलं, आपल्या घरावरच्या लाल खुणेवरून बोट फिरवलं.

"नक्षीपण काढलीस होय रे, शाकिर? अगदी हाजीचं घर दिसतंय."

मी हो म्हणालो.