सहा बाजूंचं रान

४ मे १९९७
पाळी बदलली. थोरल्याकडचा महिना संपला, धाकट्याच्या मळ्यात आले. गाठोड्यात दोन लुगडी, पानाची चंची आणि ही वही. लिहायला नात वैशी, थोरल्याची लेक. सुट्टीला सांगलीच्या कॉलेजातून आली आहे. मी बोलते, ती शुद्ध करते.
पोरगे दोन्ही माझेच, पण दिवाळीपासून एकमेकांशी बोलत नाहीत. बांधावरून. कोणी किती कोरला ते मला विचारू नका, मला दोघांकडे जेवायचं असतं.

६ मे
धाकटा सुभाष रान विकणार म्हणतो. पलटणीतून रिटायर होऊन दोन वर्षं झाली. सांगलीला हळदीच्या पेठेत राखणदाराची नोकरी बघून ठेवलीय. मिरगाच्या आत व्यवहार, की बिऱ्हाड तिकडे. म्हणजे माझी पाळी एस्टीनं बदलायची.

८ मे
वैशीनं मिरजेच्या मैत्रिणीकडून एक खेळ आणलाय. नियमांची झेरॉक्स, वीस तोंडांचा फासा. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातले वीर व्हायचं, लढाई नकाशावर. वैशी सांगते, धाकट्याचा राजू आणि त्याचे दोन मित्र लढतात. जागा सामाईक विहिरीची, आंब्याखाली. तिथं दोन्ही घरांना मज्जाव नाही.
नकाशा कागदाचा. वारा आला की डोंगर उसात.
म्हटलं, कागद भिजवा, मेथी वाटा. टोपल्या करते तसा लगदा करून घट्ट वड्या पाडून देते. राजूनं पत्र्याचा साचा करून आणला, सहा बाजूंचा. सहा कशाला? वैशी म्हणते, कशाही जुळवता येतात, कधी डोंगर तर कधी नदी, फट राहत नाही. म्हटलं, चार बाजूंच्या रानात चार भांडणं असतात. हे तुम्ही वाढवूनच आणलंत.

१३ मे
वड्या वाळल्या. हळद आणि नीळ मिसळून हिरवं रान, गेरूचा माळ, चुन्याची वाट. लय देखण्या.
पोरं बघतात आणि हसतात. मी प्रत्येक वडीला कडेनं बांध घातलाय. चांगला उंच, बोटानं दाबून.
राजू म्हणाला, "आजे, आमचा माणूस पलीकडं जायाचा कसा? पाऊल टाकलं की बांध."
"बांधाबिगर रान कुणी बघितलंय व्हय रं?"
नव्या करायला लगदा उरला नाही. वैशीनं नियमच केला, बांध चढायला एक डाव जातो. लढाई कोर्टाच्या चालीनं चालली आहे.

१५ मे
आज विहिरीच्या पाण्याची पाळी धाकट्याची. मोटर चालू करायला आला, उभा राहिला.
"ह्यो शिपाई उघड्यावर का? चढाला न्या की. हितं मेला तर सरकार पदक बी देणार न्हाई."
मग बसला. पाटाचं पाणी भलत्याच सरीत गेलं.

१६ मे
आज पाळी थोरल्याची. लांबूनच बघत होता. मग आला, वाकला.
"वैशे, ओढा वर चढतो काय गं? ह्या अंगाला उतार हाय." ओढ्याच्या तीन वड्या उचलल्या, फिरवून लावल्या आणि गेला. बापाला एवढं नाजूक काही उचलताना वैशीनं पहिल्यांदा बघितलं.

१७ मे
धाकटा : "ओढा कुणी फिरवला?"
राजू : "वाऱ्यानं."
धाकटा उकिडवा बसला. "वाऱ्याला उताराची लय समज हाय." ओढा होता तसा ठेवला आणि माणसं त्या हिशेबानं हलवली.

२१ मे
असंच चाललंय. एक दिवस हा, एक दिवस तो. धाकटा माणसं लावतो, थोरला रान सुधारतो. एकमेकांचं नाव कोणी घेत नाही.
(आजी म्हणाली, तुझा बा मुंगूस आणि काका बी मुंगूस, साप कुणीच न्हाई, लिही. लिहिलं. – वै.)

२३ मे
रानाच्या व्यवहाराचा एजंट येऊन गेला. गुरुवारी कागद घेऊन येणार. धाकटा 'बरं' म्हणाला. मी जेवले. उपास करून बसले असते तर भाकरी वाचली म्हणाले असते.

२६ मे
धाकट्याची माणसं खिंडीत अडकली आहेत. पुढं बांध, मागून शत्रू. आज पाणी थोरल्याचं. खुरपं घेऊनच आला. दोन वड्यांच्या मधला बांध हळू खरवडला, भुगा फुंकला.
"हितं वाट पायजे," म्हणाला. कोणाला म्हणाला ते सांगितलं नाही.

२७ मे
धाकट्यानं त्या जागेवरून अंगठा फिरवला. माणूस हलवला नाही. जेवताना मला विचारलं, "दादाचा गुडघा कसा हाय?"
म्हटलं, विहीर लांब नाही, बघून ये.

२९ मे
गुरुवार. पाणी धाकट्याचं, पण सकाळपासून लाईट नाही. मोटर बंद, तरी धाकटा आंब्याखाली. तेवढ्यात थोरला आला.
"आज तुझी पाळी न्हाई, दादा."
"पाण्याची न्हाई. ह्या लढाईची हाय." बसला. मधे वड्या.
धाकट्यानं माणूस खिंडीतून बाहेर काढला. थोरला म्हणाला, "डावीकडनं घे, तिकडं चिखल असतोय." त्यानं डावीकडनं घेतला.
रस्त्यावर एजंटची मोटारसायकल वाजली. राजू विचारायला आला, काय सांगू? धाकट्याच्या मुठीत फासा.
"बसू दे त्याला. डाव चाललाय."
मी उठून घरात आले. दोघांचं काय ते दोघांनी बघावं. एजंट अजून ओट्यावर आहे, त्याचा तिसरा चहा झाला.
वैशी आणखी वड्या पाड म्हणते, नकाशा वाढवायचाय. विचारते, ह्या खेपेला बांध घालायचे का?
म्हटलं, आधी कागद तर भिजू दे.