उत्तरवेशीचा अडसर

वेल्बरी,
शनिवार, १४ मार्च १९५३

प्रिय धाकटे लेटी,
प्रभूची कृपा तुम्हां सर्वांवर असो.

पार्सल मंगळवारी पोचलं. बेदाणे दोन पौंड, लोण्याचा डबा एक (चेपलाय, पण गळला नाही) आणि बाबांसाठी लोकरी बंडी. जकात तीन शिलिंग पडली. पुढच्या वेळी लोकरीवर ‘वापरलेली’ असं लिही. खोटं नको, एकदा अंगात घालून मगच बांध.

तुझा होकार किंवा नकार मला ईस्टरच्या आत हवाय. पाथरवट सायलस त्यासाठी खोळंबलाय. सांगते.

आपली उत्तरवेस पाडली. दुधाच्या लॉऱ्या कमानीत अडकायच्या, म्हणून पालिकेने ठराव केला. दोन्हीकडचा तट तसाच आहे. शेजारच्या टॅपस्कॉटबाई म्हणाल्या, “पुढचा दात पाडून बत्तिशी जपतायत मेले!”

बाबांना अंथरुणात आवाज ऐकू यायचा.
“हेस्टर, काय ठोकतायत गं?”
“डागडुजी, बाबा.”
“बरं झालं. बिजागऱ्या कुरकुरतच होत्या.”

लेटी, उपासकाळाच्या पहिल्या रविवारी, चर्चची घंटा चालू असताना, प्रभूने त्यांना नेलं. त्रास झाला नाही. हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं, आणि मी बेदाण्यांपासून सुरुवात केली. तार करायला गेले होते. पण तारेत शब्दागणिक पैसे, आणि तुला सांगायचं ते थोडक्यात मावेना. तशीच परत आले.

तू पॅट्रिकबरोबर गेलीस त्या संध्याकाळी बाबांनी वेशीच्या कोनाड्यात तुझ्या नावाचा खडा ठेवला नाही. गावाबाहेर कुणी असलं की घरच्यांनी खडा ठेवायचा, आणि तो उचलला जाईपर्यंत राखणदाराने वेशीच्या दिंडी-दाराला अडसर घालायचा नाही, हे तुला मी काय सांगू? राखणदाराच्याच लेकीचा खडा नाही! टॅपस्कॉटबाईंना वाटलं तू परतलीस. केक घेऊन आल्या. “कुठाय पोरगी? लपवलीत की काय?” बाबा म्हणाले, “आमचं कुणी बाहेर नाही.” केक तसाच परत गेला. ते शब्द तुझ्या कानावर गेले, हे तुझ्या त्या वर्षीच्या पत्रावरून कळलं. ‘त्यांच्या नावाशेजारी माझं नाव कधी घेऊ नका’, असं तू लिहिलं होतंस.

आता ऐक. वेस उतरवताना मुकादमाने मला हाक मारली. “बाई, तुमचे वडील रोज वेस लावायचे ना?”
“अंथरूण धरेपर्यंत एक दिवस चुकले नाहीत.”
“मग हे बघा.”
अडसर भिंतीत ज्या भोकात शिरतो, ते चिमण्यांच्या घरट्यांनी गच्च भरलेलं होतं. जुनं गवत, त्यावर नवं, थरावर थर. तू गेलीस त्याच वसंतात ते भोक मी माझ्या हाताने साफ केलं होतं. म्हणजे त्यानंतर अडसर आत गेलेलाच नाही. रोज घंटा वाजवायची, घरी यायचं, बूट काढत म्हणायचं, “लावली वेस.” जन्मभर खोटं न बोललेला माणूस, लेटी. देव त्यांना या एका खोट्यासाठी क्षमा करो. मी तर केव्हाच केली.

पालिकेने दगड विकायला काढले, तेव्हा त्या भोकाशेजारचा एक मी घेतला. सायलस त्यावर बाबांचं नाव कोरतोय. खाली, रीतीप्रमाणे, मागे राहिलेल्या लेकरांची नावं. त्याने विचारलं, “हेस्टरबाई, एक नाव की दोन?”
मी म्हटलं, “दोन.”
“तिला विचारलंत?”
म्हटलं, “विचारते.” पाद्रीसाहेब म्हणतात, मेलेल्याची इच्छा पुरे. मला ते पटत नाही. बाबांच्या तोंडून तुझ्यासाठी एक शब्द निघाला नाही, आणि तुला दुखावलं ते त्यांनीच. तुझं नाव तुझं आहे. तुझ्या परवानगीवाचून दगडावर चढवणार नाही.

सायलसने माझ्या नावाखाली एका ओळीची जागा मोकळी सोडलीय. नको असेल तर तो तिथे साधी वेल कोरील, कुणाला काही कळणार नाही. मी रागावणार नाही, पण न विचारता राहवणार नाही.

परतीच्या टपालाने कळव. नुसतं ‘हो’ किंवा ‘नको’ लिहिलंस तरी चालेल.

आता या घरात एकटीच उरलेली,
तुझी ताई,
हेस्टर