शेवट वर जाणारी शीळ

१९ नोव्हेंबर, बुधवार. दुपारचे तीन.

सकाळी नऊला मनोरंजन पार्कात गेलो. नातीने, भिंगरीने, चार वेळा चड्डी ओली केली, पाचव्या वेळी जागेवर बसली. दीडला जेवलो. आता लेक आणि जावई तिला घेऊन मिरवणूक बघायला गेले आहेत. मी हॉटेलच्या खोलीत आहे.

ती. अक्का, नमस्कार. गुडघे कसे आहेत? डोळ्याचं ऑपरेशन आणखी पुढे ढकलू नका. तुमची धाकटी बहीण असती तर तिने हे दरडावून सांगितलं असतं. तिला जाऊन चार महिने झाले, तेव्हा ते काम आता माझ्याकडे आलं आहे असं समजा. (दरडावणं मला जमत नाही, हे तुम्ही जाणताच.)

लेक म्हणाली, बाबा, घरात बसून बसून तुम्ही भिंतीसारखे झालात, चार दिवस आमच्याबरोबर चला. म्हणून आलो. आल्या आल्या जावयांनी भिंगरीचा नारिंगी पॉट माझ्या हातात दिला. मी तीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात होतो, म्हणजे गळती हा माझा विषय, असं त्यांचं म्हणणं. पण अक्का, खात्यातली गळती निदान एका जागी होते. इथे मी पिशवीत पॉट घेऊन पाळण्याकडे धावतो, तोवर गळती कारंज्यापाशी होऊन गेलेली असते. सोमवारपासून भिंगरीची बालवाडी सुरू होते आहे आणि बाई डायपरमधलं मूल घेत नाहीत. लेकीची रजाही तेव्हाच संपते. त्यामुळे घरात सगळ्यांचे चेहरे पाणी तोडल्यासारखे आहेत.

मूळ घोटाळा तुमच्या माहेरचा आहे, रागावू नका. तुमचे वडील तुम्हा दोघींना खेळातून घरी बोलवायला जी शीळ घालायचे, तीन सुरांची, शेवट वर जाणारी, तिच्यावर तुमच्या बहिणीने भिंगरीला पॉटची सवय लावली. दाराबाहेर पालथ्या बादलीवर बसायचं, दारावर दोन टिचक्या मारायच्या आणि शीळ. आतून भिंगरी म्हणायची, 'आजी, झालं!' ती गेली आणि पॉट कोरडा पडला. मी प्रयत्न केला, पण माझ्या कवळीतून नुसती हवा येते. लेकीने ती शीळ कधी शिकूनच घेतली नाही.

आणि आम्ही हिला आणलं कुठे, तर जिथे पावलोपावली शिट्ट्या वाजतात. छोट्या आगगाडीने शिट्टी दिली, रांगेतच कार्यक्रम उरकला. रखवालदाराने कुणाला तरी हटकायला शिट्टी वाजवली, तेव्हा भिंगरी अस्वलाचा वेश घातलेल्या माणसाच्या कडेवर होती. अस्वलाने तिला हात लांब करून धरलं. (आतून एक वाक्य आलं, ते लिहिण्यासारखं नाही.)

पाचव्या वेळेचं सांगतो. भुताच्या बंगल्यामागे कुटुंबांसाठी स्वच्छतागृह आहे. आत दोनच खोल्या. भिंगरीला पॉटवर बसवलं आणि बाहेर उभा राहिलो. आसपास कोणी नव्हतं. शेजारच्या खोलीला साखळी, कुलूप आणि 'बंद' अशी पाटी. त्या बंद खोलीतून दोन टिचक्या ऐकू आल्या आणि मग शीळ. पुढचा दात तुटल्यापासून तुमच्या बहिणीचा मधला सूर घसरायचा, तसाच घसरला. शेवट वर गेला.

भिंगरी आतून म्हणाली, 'आजी, झालं!'

झालं होतं.

मी वाकून कुलूपबंद दाराखालून पाहिलं. एक बादली होती, पालथी. तेवढ्यात झाडणाऱ्या बाई आल्या. त्या म्हणाल्या, महिना झाला बंद आहे, पाणीही तोडलंय. रिकाम्या नळात हवा शिरली की शीळ येते, हे मला कुणी शिकवायला नको. मी अशा शंभर तक्रारी निकालात काढल्या आहेत. पण नळातली हवा सूर घसरवून पुन्हा सावरत नाही. लेकीला काही बोललो नाही. नंतर स्वतःचं निमित्त करून तिथे तीनदा जाऊन उभा राहिलो. तिसऱ्यांदा त्या बाईंनी विचारलं, काका, साखर वाढलीय का? मी हो म्हटलं. शीळ आली नाही.

तुमचा,
धाकट्या बहिणीचा नवरा

ता. क. – काम असं आहे. ती शीळ आता जगात फक्त तुम्हाला येते. रोज सकाळी सातला फोन करून एकदा घालाल का? आधी पलीकडून दोन टिचक्याही मारा. बालवाडीचं कारण लेकीला पटेल.

पुन्हा ता. क. – वरचं सगळं खरं, पण कारण खोटं आहे. जेवणानंतर भिंगरी आपणहून पॉटवर जाऊन बसली, शिळेशिवाय. मी विचारलं तर म्हणाली, 'आजी म्हणाली, आता एकटी जा.' तेव्हा तिला आता गरज नाही. तरी फोन करा. सातला मीच उचलतो.

पॉट धुतला, फडक्याने पुसला आणि गच्चीच्या कठड्याजवळ उन्हात पालथा घातला.