फुगे दिसायच्या आत

५ ऑगस्ट, सोमवार
ठरलं. १२ जानेवारी, कॅप्टन पेली पार्कची, म्हणजे आमच्या फ्लोरिडातल्या त्या पाळणे-खेळांच्या मोठ्या पार्कची, मॅरेथॉन. सव्वीस मैल आणि वर थोडं चिल्लर. मी आणि टेसा.

कल्पना पोरीची. चौदा जानेवारीला ती नेव्हीत जाते. एकोणीस वर्षांची आहे आणि आत्तापासूनच बूट पॉलिश करतेय. म्हणाली, बाबा, जायच्या आधी आपण दोघांनी मिळून एक गोष्ट सुरू करू आणि संपवू. 'संपवू'वर जरा जोर दिला. मी दुर्लक्ष केलं.

तिच्या मनात काय आहे ते मला माहीत आहे. शाळेत चार वर्षं ती दोन मैलांची शर्यत धावली आणि मी एकदाही तिला रेषा ओलांडताना पाहिलं नाही. पोचायचो, पण तोवर लोक मैदानावरचे अडथळे गोळा करत असायचे. यात माझा दोष किती? त्या शाळेचं पार्किंग ज्याने बघितलंय त्यालाच विचारा. शिवाय मी दर वेळी फोन करून सांगायचो, तू हो पुढे, मी आलोच.

पदकं अडकवायची लाकडी पाटी मागवली. चार खिळ्यांची. एकाच पदकासाठी पाटी बरी दिसत नाही.

६ ऑगस्ट, मंगळवार
नियम वाचले. एका मैलाला जास्तीत जास्त सोळा मिनिटं. शेवटचा धावपटू निघाला की त्याच्या मागून दोन फुगेवाल्या निघतात. कमरेला फुगे बांधलेले, चाल बरोब्बर सोळा मिनिटांची. फुग्यांनी तुम्हाला मागे टाकलं की खेळ खलास. मागून बस येते आणि वेचून नेते.

सोळा मिनिटं! एवढ्यात तर मी पेपर आणायला गेटपर्यंत जाऊन येतो. (गेट जवळ आहे. पण मुद्दा तो नाही.)

सराव सोमवारपासून. मंगळवारी काही सुरू करायची माझी पद्धत नाही.

१२ ऑगस्ट, सोमवार
पहिला दिवस. तळ्याला फेरी मारायला निघालो. तळ्याकाठी मगर. फार मोठी नव्हती, पण होती. परत आलो.

टेसा त्याच तळ्याला चार फेऱ्या मारून आली. मगर पाण्यात गेली होती म्हणाली. नशीब एकेकाचं.

२ सप्टेंबर, सोमवार
सुट्टी. सगळे आमच्याकडे. लॉइडने मक्याची कणसं भाजली. लॉइड म्हणजे माझा शेजारी आणि आता माझा कोच. स्वतः बाविसाव्या वर्षानंतर धावलेला नाही, पण ज्ञान अफाट. म्हणतो, वेंडेल, खरी मॅरेथॉन डोक्यात असते, पाय नुसते सोबत येतात. डीना म्हणाली, मग दोघांचं डोकंच पाठवा, पाय राहू देत घरी. बायको आहे, बोलणारच.

सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, जावईबापू, उद्या सकाळी मॉलमध्ये या की आमच्याबरोबर. ओपलबाई त्र्याहत्तर वर्षांच्या. दुकानं उघडायच्या आत लेकलँडच्या मॉलमध्ये आठ-दहा म्हाताऱ्या फेऱ्या मारतात, त्या टोळीच्या या नाईक. वातानुकूलित गुळगुळीत फरशी, आणि त्यावर पांढरे बूट. मी नम्रपणे सांगितलं की मी खेळाडू आहे.

१० ऑक्टोबर, गुरुवार
वादळ येऊन गेलं. अर्ध्या गावातल्या घरांमागच्या पोहण्याच्या तलावांवरच्या जाळ्या फाटल्या, आणि जाळ्या बसवणं हा माझा धंदा. आता सरावाला वेळ कुठून आणू? निसर्गच विरोधात असेल तर माणसाने काय करायचं.

टेसा रस्त्यात पडलेल्या फांद्यांवरून उड्या मारत आठ मैल धावली.

माझे आत्तापर्यंतचे एकूण मैल: अकरा. त्यातले तीन, गाडी बंद पडली म्हणून.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार
काल थँक्सगिव्हिंगची टर्की, आज उरलेली टर्की. याला आहारशास्त्रात साठा करणं म्हणतात. लॉइडने सांगितलं.

जेवताना टेसाने विचारलं, बाबा, लांबचं धावणं किती झालं? मी म्हणालो, चौदा. ती मैल समजली. मी मिनिटं म्हणत होतो. ती इतकी खूश झाली की दुरुस्त करणं बरं दिसेना. उठून गळ्यात पडली. मग मी पाय जास्तच खाल्ला. म्हणजे पेकनचा पाय, अक्रोडासारख्या दाण्यांचा गोड पदार्थ.

डीना भांडी पुसताना हळूच म्हणाली, वेंडेल, या वेळी नाही झालं तर ती परत मागणार नाही रे. मी म्हणालो, नवीन बूट आले की बघ, जुने टाचेला घासतात. ती म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. आणि रडली. कांदा चिरत नव्हती.

१५ डिसेंबर, रविवार
झोप लागली नाही. हिशोब मांडला आणि एकदम मार्ग दिसला!

पार्कवाले धावपटूंना टप्प्याटप्प्याने सोडतात. वेगवान लोक आधी, आमच्यासारखे अनुभवी लोक नंतर. पण फॉर्ममध्ये वेळ आपणच भरायची असते. मी ऑगस्टमध्येच चार तास भरून ठेवले होते. ते खोटं नव्हतं, तो आशावाद होता. त्यामुळे आम्ही पाच वीसला सुटणार आणि फुगेवाल्या सहाला. म्हणजे चाळीस मिनिटं आधीच खिशात. आता ही वापरायची कशी एवढाच प्रश्न.

आणखी चांगली बातमी. सासूबाई पार्कात स्वयंसेवक आहेत. पाणी वाटतील बहुधा. आपलं माणूस आत असलेलं बरं.

११ जानेवारी, शनिवार
घराचं लग्नघर झालंय. डीनाने सगळ्यांना पिवळे शर्ट शिवून दिले. पाठीवर 'वेंडेल आणि टेसा'. तिचा बोर्ड तयार आहे, ती शेवटच्या रेषेपाशी उभी राहणार. लॉइड दहाव्या मैलावर, घडीची खुर्ची आणि गाईच्या गळ्यातली घंटा घेऊन.

टेसाने विचारलं, बाबा, खरं सांग, जमेल ना? नाही म्हणालास तरी मी रागावणार नाही. आपण नुसते उभे राहून बघू.

दार उघडं होतं. बाहेर पडता आलं असतं. मी म्हणालो, वेडी आहेस का.

मोठा सराव एकूण: सहा मैल. एकदा. उतारावर. (फ्लोरिडात उतार असतो, शोधावा लागतो.)

वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून पट्ट्याला बांधली आहे. इतिहासाची नोंद जागेवरच झालेली बरी.

१२ जानेवारी, रविवार
५.२० सुटलो! काय तो माहोल! पुढचा माणूस अननस होऊन धावतोय. टेसा माझ्या वेगाने धावतेय, म्हणजे जवळजवळ उभीच आहे.

६.१६ चौथा मैल. कॅप्टन पेली! जहाजाच्या कप्तानाच्या टोपीतला पेलिकन पक्षी, पिसं खरी वाटतात. धावपटू रांगेत उभे राहून त्याच्याबरोबर फोटो काढतात, ही इथली रीतच आहे. टेसा म्हणाली, बाबा, नको, वेळ जाईल. मी म्हणालो, चाळीस मिनिटं खिशात आहेत, पोरी. ती चार वर्षांची असताना तिला पेलीबरोबर फोटो हवा होता आणि मी रांग मोठी म्हणून नेलं नव्हतं. आज भरपाई. बारा मिनिटं.

८.१० दहावा मैल. लॉइड! घंटा ऐकून डोळ्यांत पाणी आलं. पाय माझे नाहीत, कुणीतरी लावून दिलेत. लॉइड म्हणाला, दोन मिनिटं बस, सॉसेज-बिस्किट खा, कोच सांगतोय. बसलो. खुर्चीत हात टेकायला जागा आहे, बाटली ठेवायला भोक आहे.

८.२५ टेसाने उठवलं. लॉइड खुर्चीतून ओरडत होता, पाय उचल, पाय उचल! ती म्हणाली, काका, उंटावरून शेळ्या हाकू नका. पहिल्यांदाच तिचा आवाज चढला.

८.५९ बारावा मैल. रोलरकोस्टर, ती उलटीपालटी होणारी मोठी गाडी. धावपटूंना रांग नाही, लगेच बसवतात. टेसा नको नको म्हणत होती. मी म्हणालो, यात बसून विश्रांती होते. मला खरंच तसं वाटलं होतं. आता रुळाकडेला वाकून उभा आहे. सॉसेज-बिस्किट गेलं. दहा मिनिटं गेली.

९.२० मागे वळून बघू नये म्हणतात. बघितलं. लांब झाडांच्या वर दोन गुलाबी ठिपके.

९.४० पळतोय. हे चालत लिहितोय. म्हणजे पळत नाही. ठिपके आता फुगे झालेत. देवा, फक्त आजचा दिवस. पुन्हा काही मागणार नाही. रोज पळेन. टर्की सोडेन.

१०.१५ सोळावा मैल. फुगे आले. आणि फुग्यांखाली सासूबाई.

पाणी वाटत नव्हत्या तर. पांढरे बूट, मनगटावर घड्याळ, कमरेला गुलाबी फुगा (दुसरा बरोबरच्या बाईच्या कमरेला) आणि चाल अगदी मॉलमधली. मी म्हणालो, ओपलबाई, घरचा माणूस आहे मी, अर्धा मिनिट हळू चाला. त्या थांबल्या नाहीत. चालता चालताच म्हणाल्या, जावईबापू, तुम्हाला अर्धा मिनिट दिला तर मागच्या प्रत्येकाला द्यावा लागेल. त्यांच्याही पोरी असतील. आवाज कापत होता, पाय नव्हते कापत.

मग टेसाला म्हणाल्या, तू हो पुढे, पोरी. टेसा हलेना. माझा दंड धरून ओढत होती. म्हणत होती, बाबा, चल ना, बाबा, थोडंच आहे. दहा मैल होते. ती थांबली असती तर दोघंही बसमध्ये गेलो असतो. तेव्हा मी म्हणालो, तू हो पुढे, मी आलोच.

तिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, बाबा, हे वाक्य मला पाठ आहे. दंड सोडला आणि गेली. काय धावते! चौदा पावलांत अननसाला मागे टाकलं. पोर अशी धावते हे मी आज पहिल्यांदा बघितलं, आणि तेही पाठमोरं.

१०.४० बस. पाणी, केळं, गार हवा, सगळं आहे. ड्रायव्हरला म्हणालो, दादा, लवकर सोडा, माझी मुलगी पोचेल. तो म्हणाला, बस भरेपर्यंत फुग्यांच्या मागूनच चालायची, साहेब. भरायला अकरा माणसं कमी आहेत. मी खिडकीतून फुग्यांच्या पुढच्या लोकांना आशेने बघतोय. माझ्यासारखी ढेरी दिसली की मनात म्हणतो, दमा, दमा. माणसं मात्र पुढे जातायत. इतकी जिद्द कुठून आणतात?

११.३५ अजून तीन कमी.

१२.२० पोचलो. धावत गेलो, होय, धावत, पिवळे शर्ट शोधत. डीनाचा बोर्ड खाली गवतात पडला होता. शाळेतल्यासारखी माणसं अजून कठडे गोळा करत नव्हती, एवढाच फरक. टेसा अकरा छप्पन्नला आली होती. गळ्यात पदक, पायाला बर्फ. मी विचारलं, कशी आलीस, हात वर केले होतेस का? डीना म्हणाली, फोटो आहे. टेसा म्हणाली, असू दे गं आई. बाबा, केळं राहिलंय का तुझं? अर्धं दिलं.

नुसता इथे उभा राहिलो असतो तरी दिसली असती.

१४ जानेवारी, मंगळवार
पहाटे गेली. मी वेळेवर उठलो होतो, नोंद असावी. त्याआधी तासभर ड्राइव्हवेतच उभा होतो. जाताना पदक माझ्या पाटीवर अडकवून गेली. म्हणाली, पाटी रिकामी बरी दिसत नाही. मी बरंच काही बोलायचं ठरवलं होतं. बोललो ते पार्किंगबद्दल.

१६ जानेवारी, गुरुवार
सासूबाईंचा फोन. म्हणाल्या, आठला मॉलमध्ये या, रुसू नका. रुसलो नव्हतो. दोन दिवस जेवत नव्हतो, इतकंच.

गेलो. एक फेरी अर्धा मैल. जोड्यांच्या दुकानापाशी टोळीने मागे टाकलं. पोळ्या-कबाबच्या स्टॉलपाशी वॉकर ढकलणाऱ्या एका आजींनी मागे टाकलं आणि शुभेच्छा दिल्या. कारंज्यापाशी बसणार होतो. बाक रिकामा होता. नाही बसलो. का ते माहीत नाही.

एक फेरी पूर्ण केली. पूर्ण. जिथून निघालो तिथे येऊन पोचलो आणि हात वर केले. कुणी नव्हतं. बायका कॉफी संपवून उठून गेल्या होत्या, एक मुलगी टेबलं पुसत होती. चार वर्षं टेसाला असं वाटत असणार. फार वाईट वाटतं. मला ठाऊक नव्हतं.

तिला लगेच सांगावं म्हणून फोन काढला. मग आठवलं, तिथे गेल्या गेल्या फोन जमा करून घेतात. दहा आठवडे फक्त पत्रं.

पत्र लिहायचं ठरवलं आहे. सगळं खरं लिहायचं, चौदा मिनिटांचंसुद्धा. सोमवारी नक्की.