साकवावरची पावलं

त्सुफेनहाउझेन,
जर्मनी, २ फेब्रुवारी २०२५

चि. शशिधर यास,
अ. उ. आ.

आम्ही सगळे खुशाल, माझे गुडघे सोडून. तुझं पत्र शनिवारी आलं. फोनवर तुझं कानाचं यंत्र शिट्ट्या मारतं, आणि व्हॉट्सॲपवर तू नुसता अंगठा पाठवतोस. म्हणून ही पत्रापत्री पुन्हा सुरू झाली ते बरंच झालं. निवृत्त फौजदाराचं अक्षर अजून पंचनाम्यासारखंच आहे, ते कुणालाही दाखवायची सोय नाही.

तुझ्या लेकीची बातमी आधी देतो. इप्सिता आमच्या वरच्या मजल्यावर सुखात आहे. कायझर्सलाउटर्नला ध्वनिशास्त्र शिकली तेव्हा तू म्हणाला होतास की आवाजाची कसली आली डिग्री. आल्झो, म्हणजे तर मग, आता ऐक. लुडविग्सबुर्गच्या एका स्टुडिओत ती गेरॉइशमाखर म्हणून लागली आहे. पडद्यावर माणूस चालला, दार उघडलं, घोडं उधळलं की त्याचे आवाज ही मंडळी मागाहून हातापायांनी करतात. मी बघून आलो. जुने बूट, फळ्या, वाळूचे ट्रे, मोडक्या खुर्च्या. भंगारवाल्याचं दुकान आणि वर साउंडप्रूफ भिंती.

सध्या तिच्याकडे काऊबॉयची मालिका आहे. इथे वीस वर्षांपूर्वी एक मालिका लागायची, सरहद्दीच्या गावातले दोन म्हातारे शेरीफ. तुझी हेल्गा वहिनी दर रविवारी ती बघत इस्त्री करायची. त्यातला एक लंगडा. तो दिसायच्या आधी ऐकू यायचा. लाकडी व्हरांड्यावर टाक्... सर्र, टाक्... सर्र, आणि खोलीतले गुंड गप्प. आता त्याच दोघांच्या तरुणपणाची सहा भागांची नवी मालिका येते आहे. तरुणपणीसुद्धा हा गडी आधी ऐकूच येतो. कॅमेरा खोलीत, पावलं बाहेर.

इप्सिता मला म्हणाली की काका, ही चाल तर तुमचीच आहे. मला बूट चढवून फळीवर दोन तास चालवलं. मीही खुशीत चाललो, आयुष्यात पहिल्यांदा या डाव्या पायाला कुणी काम दिलं. पहिल्या तीन भागांचं काम पाठवलं आणि ते आठव्या दिवशी परत. दिग्दर्शकाने लिहिलं होतं की याचा पाय चौथ्या भागात मोडतो, हा आधीच कसा लंगडतो?

पोरीने कपाळाला हात लावला. चौथ्या भागाची संहिता तिच्याकडे होती, पण लंगडणाऱ्याचं लंगडणं कधीतरी सुरू झालं असेल हे तिच्या डोक्यातच आलं नाही. तिने जन्मापासून मला असंच बघितलंय. मग तिने साधी पावलं करून पाठवली, दोनदा. दोन्ही परत. ही कुणाचीही पावलं आहेत म्हणे. माणूस पुढे काय गमावणार आहे ते ऐकू यायला हवं. आता शेवटची संधी आहे. एकतीस मार्चला तिची प्रोबेत्साइट, म्हणजे सहा महिन्यांची उमेदवारी संपते. तोवर हे जमलं नाही तर नोकरी जाईल, आणि या नोकरीवरच तिचा व्हिसा आहे. पोरगी जेवताना नुसती टाचा आपटत बसते.

तिने मला विचारलं की काका, पडण्याआधी तुम्ही कसे चालायचात? मी नेहमीचं फणसाच्या झाडाचं सांगितलं, आणि चालीचं आठवत नाही म्हणालो. खरंच आठवत नाही रे.

कुंदाला आशीर्वाद. जीव लावतच असतोस, तो कागदावरही उतरू दे.

तुझा,
भास्करदादा

*

गडहिंग्लज,
१९ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं आणि रात्रीचं जेवण गेलं नाही. कुंदाने विचारलं की काय झालं, तर मी तिला पत्र वाचायला दिलं. वाचून ती म्हणाली की यात रडण्यासारखं काय आहे. तिलाही फणसाचं झाडच माहीत आहे.

फणसाचं झाड पुरे झालं, दादा. अठ्ठेचाळीस वर्षं झाली. तू झाडावरून पडला नाहीस. कोल्हापूरला पोलीस भरती दोन दिवसांवर होती, आणि मी भाड्याची सायकल घेऊन तुला मागे बसवून आजऱ्याच्या उतारावरून सोडली होती. हात सोडून. तू दोनदा हँडल धर म्हणालास. मी धरलं नाही, आणि आपण पडलो.

आणि खाटेवर पडल्या पडल्या तू आप्पांना झाड सांगितलंस. खरं कळलं असतं तर त्यांनी मला भरतीला जाऊ दिलं नसतं. आपल्या दोघांत धावायच्या कॅनव्हासच्या बुटांची एकच जोडी होती. आधी तू धावणार, मग मी. तू पाय बांधून पडला होतास आणि मी खाटेजवळ उभा होतो. तू खाली वाकून माझ्या बुटांची नाडी बांधलीस. मी धावलो. अडतीस वर्षं जी वर्दी घातली ती तुझी होती हे मी कुणाला कधी सांगितलं नाही. तुलासुद्धा नाही.

तुला तुझी चाल आठवत नसेल, मला आठवते. आता कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, पण शाळेला जाताना ओढ्यावरच्या साकवाच्या फळ्यांवर तू पुढे आणि मी मागे, तो आवाज अजून स्वच्छ आहे. डावी टाच आधी, ठणकावून. चवडा जरा उशिरा. मी त्या आवाजावर पाय टाकत यायचो म्हणून ओढ्याची भीती वाटली नाही. पुढे ट्रेनिंगला उस्ताद ओरडायचा की टाच आपटतोस, घोडा आहेस काय. सुटली नाही ती. बदलीच्या प्रत्येक गावात ठाण्याचा व्हरांडा वाजला की आतला हवालदार टोपी सरळ करायचा. ती माझी चाल नव्हे, दादा.

तर आज सकाळी एक उद्योग केला. साकव आता सिमेंटचा झालाय. माळ्यावरची दोन जुनी दारं काढून परसात विटांवर टाकली, नोकरीतले बूट घातले आणि चाललो, चाळीस वेळा. स्वानंदी सूनबाई मोबाइल धरून बसली होती. कुंदा ओरडत होती की या वयात पडाल. शेजारच्या हरीशने विचारलं की साहेबांचं डोकं ठिकाणावर आहे ना. माझ्या कानाला काही कळत नाही, पण तळव्याला कळलं. रेकॉर्डिंग स्वानंदीने इप्सिताला पाठवलंय, ते या पत्राच्या आधी पोचेल.

हे पत्र तिला वाचून दाखव. माझ्या तोंडून निघालं नसतं.

माझ्यावरचा तुझा लोभ मी कधीच कमावलेला नव्हता, तरी तो राहू दे.

तुझा,
शशी

*

त्सुफेनहाउझेन,
९ मार्च २०२५

ती. बाबांना,
शि. सा. नमस्कार.

माझं मराठी अक्षर बघून हसू नका, तीन वर्षांत पहिल्यांदाच लिहिते आहे.

तुमचं रेकॉर्डिंग आधी आलं आणि पत्र दहा दिवसांनी. तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. मी काकांच्या कानाला हेडफोन लावले, म्हटलं बाबांनी परसात काय गंमत केलीय बघा. काकांनी चार पावलं ऐकली आणि हेडफोन काढून स्वयंपाकघरात गेले. हेल्गाकाकू सांगत होती की ते हात धूत उभे होते, नळ बंदच होता. परत आले आणि म्हणाले की हे बरोबर आहे, फक्त बूट चुकीचा आहे. चवडा उशिरा पडतो कारण बूट एक नंबर मोठा होता. वाढत्या पायाला पुरावा म्हणून आप्पाआजोबांनी मोठा घेतलेला, आणि पुढे वर्तमानपत्राचा बोळा कोंबायचे. बोळ्याशिवाय तो आवाज यायचा नाही.

बाबा, हे मला कुठल्याही युनिव्हर्सिटीत कळलं नसतं.

मी एक नंबर मोठे बूट घेतले, बोळे घातले आणि पंधरा दिवस तुमच्यामागे चालले. कानात तुमची पावलं, पायाखाली स्टुडिओची फळी. डावी टाच ठणकावून. आधी नुसती नक्कल व्हायची. मग काकांनी तुमचं पत्र मला मोठ्याने वाचून दाखवलं. नाडीच्या ओळीपाशी ते थांबले, पुढचं मी वाचलं.

तुम्हाला वाटत असेल मी रागावले आहे. मला राग एवढाच आला की तुम्ही दोघं फोनवर आयुष्यभर हवापाण्याबद्दल बोलत राहिलात.

दुसऱ्या दिवशी मी चालले तेव्हा आमच्या प्रमुख, फ्राऊ ब्रेनर, डोळे मिटून ऐकत होत्या. कधी कुणाचं कौतुक न करणारी बाई. त्या गेनाऊ म्हणाल्या, म्हणजे अगदी बरोबर, एवढंच. नंतर विचारलं की हा माणूस कोण आहे. मी म्हटलं, दोन माणसं आहेत. काम परवा पाठवलं. उत्तर आलं नाही अजून.

आईला सांगा मी जेवते आहे. तुमचा राग आणि माया, दोन्ही मला पाहिजे तशीच राहू देत.

तुमची,
इप्सिता

*

त्सुफेनहाउझेन,
६ एप्रिल २०२५

चि. शशिधर यास,
अ. उ. आ.

पेढे वाट. पावलं पास झाली आणि नोकरी कायम झाली. दिग्दर्शकाने लिहिलं की पहिल्या भागात हा गडी दारात येतो तेव्हाच याचं पुढे काय जाणार ते ऐकू येतं. बुधवारी इप्सिता कागदपत्रं घेऊन आउसलेंडरबेहोर्डेमध्ये, परदेशी लोकांच्या कचेरीत, जाऊन आली. खिडकीतला माणूस चक्क हसला म्हणे. चव्वेचाळीस वर्षांत माझ्याकडे बघून तिथे कुणी हसलेलं नाही.

तिने एक गोष्ट छान केली. चौथ्या भागात पाय मोडतो, त्यापुढची पावलं तिने माझी ठेवली, ती पहिल्यांदा परत आलेली. आधीची चाल तुझ्याकडून आलेली, नंतरची माझी. त्या एका गड्याच्या बुटात आपण दोघं आहोत. जर्मनीभर ऐकतील आणि कुणाला सांधा सापडणार नाही. मी कान लावून ऐकलं, मलाही सापडला नाही.

आता तुझ्या पत्राचं. चार महिने मी त्या खाटेवर होतो, आठवतं? खिडकीसमोर विष्णू मिस्त्रीचं गॅरेज. करायला काही नाही, म्हणून ऐकत पडायचो. कुठला ट्रक आला, कुठला सिलिंडर मारत नाही, विष्णूने नट चुकीचा पिळला की नाही. एक दिवस खिडकीतून ओरडून सांगितलं की इंजिनाची टॅपेट ढिली आहे, आणि ती ढिलीच निघाली. उठून बसता यायला लागलं त्या दिवशी त्याने मला उचलून गॅरेजमध्ये नेलं. पुढे इथे माझं स्वतःचं वर्कशॉप झालं ते याच कानांवर. धावलो असतो तर बरा शिपाई झालो असतो, पण मला दुसऱ्याला पकडता आलं नसतं. मी चोराला चहा पाजून सोडला असता. गेला तो योग्यच माणूस गेला.

आणि एक गोष्ट मीही लपवली. त्या दिवशी सायकलवर बसतानाच मला ऐकू आलं होतं की मागच्या ब्रेकचं रबर घासतंय, गेलेलं आहे. बोललो नाही, मलाही तो उतार सुसाट उतरायचा होता. तेव्हा दोष वाटून घेऊ. अर्ध्याहून जास्त माझा, मी थोरला.

मला आयुष्य चांगलं मिळालं, शशी. त्यातलं बरंच तुझ्यामुळे. सप्टेंबरात मालिका लागेल. तुम्ही दोघं या. हेल्गाने खोली आतापासून झाडायला काढली आहे.

माझा हात तुझ्या पाठीवर आहे, बुटाच्या नाडीवर नव्हे.

तुझा,
भास्करदादा

*

गडहिंग्लज,
२२ एप्रिल २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पेढे वाटले. हरीशने दोन घेतले आणि दारं पुन्हा माळ्यावर चढवायला मदत केली.

तुझा जबाब वाचला. त्या सायकलला मागचा ब्रेक नव्हताच, दादा. वेग मिळावा म्हणून सकाळी मीच काढून ठेवला होता. तुला ऐकू आलेलं रबर आप्पांच्या कोनाड्यात पडलं होतं. अडतीस वर्षं मी खोटे जबाब ऐकले, पण इतक्या प्रेमाने दिलेला एकही आठवत नाही. तेव्हा आहे तसा लिहून घेतला, खाली सही केली आणि फाइल बंद केली. त्या रात्री झोप लागली.

पासपोर्टचं काम स्वानंदी बघते आहे. सप्टेंबरात येतो. कुंदाला ट्रंकेत ते कॅनव्हासचे बूट सापडले, तळ गेलेत, पण बोळा अजून आत आहे. बरोबर आणतो.

स्टेशनवर घ्यायला येऊ नकोस. इप्सिता आणेल. तू घरात दार लावून बस, मी जिन्यावरून येईन. मला काही ऐकू येणार नाही. तू ऐक.

तुझ्या मागून चालणारा,
शशी