अंबोसेलीची एक रात्र

सालमिया, कुवेत
१४ सप्टेंबर २०२५

ती. अण्णा,
वीणाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. खालच्या सुखदाताईंनी पानांचे फोटो स्वच्छ काढले होते, फक्त दुसऱ्या पानाच्या कोपऱ्यात त्यांचा अंगठा आलाय. माझीही पानं मी तशीच फोटो काढून पाठवते आहे, तेव्हा प्रिंट काढायचं काम पुन्हा त्यांच्याच गळ्यात. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर तुम्ही वाचत नाही. त्यामुळे सासऱ्यांना शाईनं पत्र लिहिणारी या सबंध बिल्डिंगमध्ये मी एकटीच असणार.

इथं दुपारी अजून अंग भाजतं, पण संध्याकाळी समुद्रावर बसता येऊ लागलंय. सलोनीची सहामाही तोंडावर आली आहे. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते. मात्र तुमचं पत्र आलं की ते आधी तिलाच वाचायचं असतं.

आता मुद्द्याचं लिहिते, रागावू नका. दसऱ्याला आम्ही येत नाही. दिवाळीला नक्की येतो, १८ ऑक्टोबरची तिकिटं काढली आहेत. पण त्याआधी आम्ही तिघं केनियाला जाऊन येतोय. २५ तारखेला, गुरुवारी रात्रीचं विमान, शुक्रवारची एक रात्र अंबोसेलीच्या जंगलात तंबूत आणि शनिवारी परत. एका रात्रीसाठी एवढा आटापिटा कशाला, असं तुम्ही म्हणाल. हरीशही तेच म्हणत होता. पण सोळा वर्षं झाली, दर वर्षी जाऊ म्हणतो आणि दर वर्षी रिफायनरीचं शटडाउन मध्ये येतं. या वेळी मीच हट्ट धरला आणि त्याला न विचारता बुकिंग करून टाकलं.

तो बरा आहे. रात्रीचं जेवण कमी केलंय, म्हणून फोटोत जरा उतरलेला दिसतो. माझं लॅबमधलं काम नेहमीसारखंच. तुम्ही रक्तदाबाची गोळी वेळेवर घ्या आणि तसं पत्रात लिहीत चला.

इतक्या लांबूनही तुमची माया पोचते. ती अशीच पोचत राहू दे.
तुमची,
वीणा

अण्णा, सा. न. जपून राहा. — हरीश


नाशिक
१९ सप्टेंबर २०२५

चि. सौ. वीणास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रागावलो नाही. थोडा रुसलो होतो, संध्याकाळपर्यंत विसरलो. छत्तीस वर्षं मुलांना फळ्यावर हत्ती काढून दाखवला, आणि जंगलातला हत्ती पाहायला चालली माझी सून. असो. सलोनीला सांग, आफ्रिकेतल्या हत्तीचे कान मोठे असतात आणि सुळे माद्यांनाही असतात. सोंडेच्या टोकाला आपल्या हत्तीला एक बोट असतं, तिकडच्याला दोन. तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहून मला लिहावं, आणि मराठीत लिहावं. चुका चालतील.

माझं ठीक आहे. गोळी घेतो. वरच्या खोलीला रंग द्यायला माणूस सांगितलाय. ही गेल्यापासून, म्हणजे चार वर्षं, ती खोली बंदच होती. तिच्या आजारपणात चौदा महिने मी त्या एका खुर्चीत काढले. त्यानंतर वर जायला मन होत नव्हतं. आता तुम्ही येताय म्हटल्यावर खिडक्या उघडल्या. खुर्ची सुखदाच्या आईला देऊन टाकली.

एक विचारतो. हरीश पूर्वी पत्राखाली आठ-दहा ओळी तरी लिहायचा, माझ्या शुद्धलेखनाच्या चुकाही काढायचा. हल्ली दोनच शब्द असतात आणि अक्षर लागतही नाही. कामाचा ताण आहे का? फोटोतला शर्ट मी पाहिला. जेवण कमी केल्यानं गळ्यापाशी एवढा ढिला होत नाही. तू लॅबमध्ये आहेस, तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्याचं रक्त एकदा तपासून घे.

जंगलात गाडीतून खाली उतरू नका. तिघांना मनापासून आशीर्वाद, आणि माझ्यावरचा जीव कमी करू नका.
अण्णा


सालमिया
९ ऑक्टोबर २०२५

ती. अण्णा,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी हरीशला न सांगता लिहिते आहे. सुखदाताईंना निरोप दिलाय की तुम्ही वाचत असाल तेव्हा त्यांनी जवळ बसावं. तुम्हीही खाली बसून वाचा.

तुम्ही रक्त तपासायला सांगितलंत. ते जुलैतच तपासलं होतं. त्याचा रिपोर्ट पहिल्यांदा माझ्याच टेबलावर आला. नाव वाचायच्या आधी मी आकडे वाचले आणि मनात म्हटलं, बिचारा कोण असेल. मग नाव वाचलं. हरीशला स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे आणि तो यकृतापर्यंत गेलाय. ऑपरेशन होण्यासारखं नाही. डॉक्टरांनी औषधं सुरू केली, पण त्यानं थोडे दिवस मिळतील, एवढंच ते म्हणाले होते. जेवण कमी केलंय, हे मी तुम्हाला खोटं लिहिलं. अण्णांना कळवायचं नाही, असं त्यानं माझ्याकडून वचन घेतलं होतं. दिवाळीला गेलो की समोर बसून मीच सांगेन, असं तो म्हणायचा. आज मी ते वचन मोडते आहे.

सप्टेंबरच्या शेवटी, औषधांच्या दोन फेऱ्यांच्या मधे, दोन आठवडे त्याला बरं वाटणार होतं. त्यातले तीन दिवस मी अंबोसेलीसाठी घेतले. मला वाटलं, एकदा तरी आम्ही तिघं आजाराशिवाय कुठंतरी असू.

जंगलाबद्दल तुम्हाला सांगायला हवं, कारण तिथं जे झालं त्यामुळेच मी लिहायला बसले. आमची गाडी झुलेखा नावाची बाई चालवत होती. ती मोंबासाची, तिला हिंदीही थोडी यायची. सिंहासाठी तिनं दीड तास फिरवलं आणि शेवटी एका झुडपामागे नुसतं शेपूट दिसलं. त्यावर हरीश कितीतरी दिवसांनी मोठ्यांदा हसला. एवढ्या पैशात पाव किलो सिंह, असं म्हणाला. नंतर दलदलीत हत्ती दिसले, पोटापर्यंत पाण्यात उभे, पाठीवर बगळे. सलोनीनं सोंडेची दोन बोटं पाहिली. ते ती तुम्हाला लिहिणार आहे.

साडेपाचला परत फिरलो. हरीशला दुखायला लागलं होतं. समोरचा दांडा त्यानं ज्या तऱ्हेनं धरला होता, त्यावरून मला कळलं. तंबू दहा मिनिटांवर होता. तेवढ्यात हत्तींचा कळप पाण्यातून वर आला आणि रस्त्यातच थांबला. लहान-मोठे मिळून सव्वीस. झुलेखानं इंजिन बंद केलं. तिनं सांगितलं, हे रोज संध्याकाळी कोरड्या जमिनीवर झोपायला जातात. इथं हॉर्न वाजवायचा नाही, ते जातील तेव्हाच आपण जायचं. आम्ही चाळीस मिनिटं तिथं अडकलो. मी गोळी काढून दिली. ती त्यानं पाण्याशिवायच गिळली आणि सलोनीकडे वळला.

तो म्हणाला, "सलोनी, मी बरा होणार नाहीये."

अण्णा, तिला कसं सांगायचं यावर आम्ही दोन महिने डोकं फोडत होतो. घरी सांगितलं असतं, तर ती उठून खोलीत गेली असती आणि दार लावून घेतलं असतं. गाडीतून कुठं जाणार? ती हत्तींकडेच बघत होती. मान न वळवता म्हणाली, "आय नो, बाबा. मी फाइल वाचली होती."

ऑगस्टमध्येच वाचली होती म्हणे. तेरा वर्षांची पोर दीड महिना आमच्यासमोर जेवत होती, अभ्यास करत होती. आम्ही तिच्यापासून लपवत होतो आणि ती आमच्यापासून. ती मागच्या सीटवरून त्याच्याजवळ आली, त्याच्या दंडाला टेकून बसली आणि आम्ही कळप जाईपर्यंत तसेच बसलो. मग तिनं विचारलं, आजोबांना माहीत आहे का. हरीश नाही म्हणाला. ती वळून माझ्याकडे बघत राहिली. ती नजर तेव्हापासून माझ्या मागे आहे.

परत आलो त्याच रविवारी त्याला ताप आला. मंगळवारी कावीळ दिसली आणि दवाखान्यात ठेवावं लागलं. काल डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आता विमानप्रवास करायचा नाही. म्हणजे १८ तारखेला आम्ही येत नाही आणि तो आता कधीच येऊ शकणार नाही. जे तीन दिवस त्याला घेऊन तुमच्याकडे यायचं, ते मी जंगलात घालवले. क्षमा मागायचं तोंड मला राहिलेलं नाही.

तुमची,
वीणा


नाशिक
१० ऑक्टोबर

वीणास,

पत्र तीनदा वाचलं. आशीर्वाद लिहायला आज हात उठत नाही, म्हणून लिहीत नाही.

तीन महिने. तीन महिने मी इथं खोलीला रंग देत होतो. तुम्ही त्याला हत्ती दाखवायला नेलंत आणि मला साधं कळवलं नाहीत. मी त्याचा बाप आहे.

२०१९ मध्ये हिच्या हौसेखातर काढलेला पासपोर्ट आहे, कोराच. अजून चार वर्षं चालतो. सुखदा म्हणते भेटीचा व्हिसा मिळतो. काय कागद लागतील ते आजच कळव. मी येतो.

दीनानाथ


सालमिया
३० नोव्हेंबर २०२५

ती. अण्णा,
शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला नाशकात एकटं सोडून आम्ही परत आलो, त्याला दोन आठवडे झाले. लिहायला बसायचे आणि कागद कोराच ठेवून उठायचे.

इथलं सांगते. सलोनी शाळेत जाते. तिच्या बाईंनी बोलावून सांगितलं की वर्गात ती नीट आहे, फक्त डबा खात नाही. मी सकाळी लॅबला जाते. हरीशच्या ऑफिसची सरकारी कागदपत्रं बघणारे मंदूब इम्तियाजभाई, ज्यांनी तुमचा व्हिसा पाच दिवसांत करून आणला होता, तेच आता त्याचे राहिलेले कागद पुरे करताहेत. परवा त्याचा सिव्हिल आयडी परत घ्यायला आले. कार्ड हातात घेऊन दारातच उभे राहिले. मी चहा घ्या म्हटलं, तर मान हलवून तसेच जिना उतरून गेले.

तुम्ही नऊ दिवस त्याच्याजवळ होतात. दिवाळी आपण दवाखान्यातच केली. तुम्ही त्याला दाढी करून दिलीत, त्या दिवशी तो किती तरतरीत दिसत होता. तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत. तो गेल्यावर पेटीबरोबर आपण नाशकात आलो, सगळे विधी झाले, तेव्हाही नाही. रागावला असतात तर मला सोपं गेलं असतं.

कारण मी रोज तोच हिशेब मांडते. ते बुकिंग मी केलं. त्याची ताकद त्या प्रवासात संपली. मी हट्ट धरला नसता आणि त्याच दिवसांत त्याला नाशिकला आणलं असतं, तर तो आपल्या घरात, वरच्या खोलीत, तुमच्यासमोर गेला असता. त्यानं तिकीट काढलं होतं, अण्णा. त्याला यायचं होतं. मी त्याला तुमच्यापर्यंत पोचू दिलं नाही.

माझ्यावर लोभ ठेवा असं लिहायचा धीर होत नाही. सलोनीवर ठेवा.
वीणा


नाशिक
७ डिसेंबर २०२५

चि. सौ. वीणास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हात सवयीनं 'सौ.' लिहून गेला. खोडणार होतो, नाही खोडलं. यापुढंही असंच लिहीन. कुणाला खटकलं तर खटकू दे.

तुझं पत्र वाचून आठ दिवस विचार केला. एक गोष्ट तुला सांगायची की नाही, यावर माझं मन कुवेतहून निघाल्यापासून चाललं होतं. आता सांगतो.

दवाखान्यात हरीशचा आवाज बसला होता आणि मला ऐकू येत नाही. त्यामुळे आम्ही दोघं वहीवर लिहून बोलायचो, हे तू पाहिलंसच. पाडव्याच्या दिवशी तू सलोनीला आणायला गेली होतीस. मी लिहिलं, दिवाळीला येणारच होतास तर आधीच का नाही आलास? त्यानं पेन मागून घेतलं. मग लिहिलं की त्यानं आपलं १८ तारखेचं तिकीट केनियाला निघायच्या चार दिवस आधीच रद्द केलं होतं. तुझं आणि सलोनीचं तसंच ठेवलं होतं. सुट्टी नामंजूर झाली असं तुला आयत्या वेळी सांगायचं आणि तुम्हा दोघींना पुढं पाठवायचं, असं त्यानं ठरवलं होतं. तू इथं पोचल्यावर मला सांगशील, आणि मी तिथं पोचेपर्यंत सगळं संपलेलं असेल, असा त्याचा अंदाज होता. वीणाला हे माहीत नाही, असंही लिहिलं.

मी कारण विचारलं. त्याखाली त्याचं अक्षर आहे, वाकडं पण लागतं. त्यानं लिहिलं: "आईपाशी तुम्ही चौदा महिने बसलात. मला तुम्हाला परत तसं बसलेलं बघायचं नव्हतं."

हे वाचून मला त्याचा राग आला, खरं सांगतो. मरणाऱ्या मुलाचा राग येतो हे मला माहीत नव्हतं. मी वही ओढून घेतली आणि लिहिलं, मी बसलो असतो.

त्यानं वही परत घेतली आणि एकच शब्द लिहिला: "म्हणूनच."

तर असं आहे. तू अंबोसेलीचं बुकिंग केलं असतंस किंवा नसतंस, तो माझ्याकडे येणार नव्हता. ते त्याचं त्यानं ठरवलं होतं. हे तुला सांगायला मला दीड महिना लागला, कारण हे मान्य करणं माझ्या जिवावर येत होतं. तुझ्या पत्रातला हिशेब मला सोयीचा होता. त्यात मुलगा माझ्याकडे यायला निघाला होता आणि वाटेत अडला. खरं तसं नाही. तो निघालाच नव्हता. ते दुःख माझं आहे, ते मी सोसेन. तू ते आपल्या अंगावर घेऊ नकोस.

तो जाण्याआधी मला जे नऊ दिवस मिळाले, ते तू वचन मोडलंस म्हणून मिळाले. त्याला ते आवडलं नसेल, असं तुला वाटत असेल. मी खोलीत पाऊल टाकलं तेव्हा तू औषधांच्या खिडकीपाशी रांगेत होतीस. त्यानं माझ्याकडे पाहिलं, तोंड भिंतीकडे वळवलं आणि रडला. नंतर सरकून मला पलंगावर जागा करून दिली.

सलोनीचं पत्र आलं. सोळा चुका आहेत, एकही दुरुस्त केली नाही. तिला डब्यात काय आवडतं ते तू विचारू नकोस, मीच विचारीन. मी तिला लिहितो.

तुझा,
अण्णा